चेहऱ्यावरचे नकोसे केस : उपचाराचे पॅकेज घेण्याआधी कारण शोधण्याची गरज

इलेक्ट्रॉनिक सिटी (बेंगळुरू) : चेहऱ्यावरचे नको असलेले केस काढण्याचे जितके मार्ग आजच्या तरुणीपुढे आहेत, तितके तिच्या आईपुढे नव्हते. दोरा, मेण, वस्तरा, मलम, विजेची सुई, लेझर, घरी वापरायचे प्रकाशयंत्र आणि पोटात घ्यायच्या गोळ्या असा हा पट विस्तारला आहे. मात्र निवड जसजशी वाढली, तसतसा एक मूलभूत प्रश्न मागे पडत गेला. हे केस मुळात का आले, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर न शोधता घेतलेला महागडा उपचार अनेकदा निष्फळ ठरतो, क्वचित चेहऱ्यावर डागही ठेवून जातो, आणि केसांच्या रूपाने सूचना देणारा आजार मात्र आहे तिथेच राहतो.

बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत हा प्रश्न विशेष जाणवतो. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे कीऑनिक्सने, १९७८ मध्ये कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी केली. आज देशभरातून येणाऱ्या तंत्रज्ञांचे ते मोठे कार्यक्षेत्र आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथून आलेल्या मराठी मुलीही त्यात आहेत. घरापासून दूर, पीजीच्या खोलीत राहणारी, पहिल्यांदाच स्वतःचा पगार हाती आलेली आणि दिवसभर व्हिडिओ बैठकीच्या चौकटीत स्वतःचाच चेहरा पाहणारी विशी-पंचविशीतली तरुणी हनुवटीवरच्या चार राठ केसांविषयी कोणाला विचारणार? आईला फोनवर सांगायला संकोच वाटतो, सहकाऱ्यांपुढे तर विषयच निघत नाही. मग उत्तर मिळते ते वाटेवरच्या पाटीवर किंवा मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत, आणि तिथे ते बहुतेक वेळा ‘आठ बैठकांचे पॅकेज’ या स्वरूपात असते.

लव कोणती, राठ केस कोणते

माणसाच्या चेहऱ्यावर, स्त्री असो वा पुरुष, सर्वत्र रोमकूप असतात. त्यांची संख्या जन्मापूर्वीच ठरलेली असते. पुढे नवे रोमकूप निर्माण होत नाहीत. बदलते ते त्यांतून उगवणाऱ्या केसाचे रूप. बारीक, मऊ, फिकट रंगाची ती लव. जाड, काळा, लांब वाढणारा तो राठ केस. टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके वयात येताना लवेचे रूपांतर राठ केसांत करतात. ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही असतात, फक्त अल्प प्रमाणात. ते प्रमाण वाढले, किंवा प्रमाण नेहमीइतकेच असूनही रोमकूप त्याला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागले, की ओठाच्या वर, हनुवटीवर, कानशिलांपाशी, छातीवर व बेंबीखाली पुरुषांप्रमाणे राठ केस येऊ लागतात. वैद्यकशास्त्र याला हर्सुटिझम म्हणते. प्रजननक्षम वयातील साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांमध्ये ते आढळते, म्हणजे हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे.

आपल्याकडे बाळाला हरभऱ्याच्या पिठाने, दुधा-हळदीने चोळून त्याची लव ‘काढण्याची’ पद्धत आहे. ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळते. श्रेय पिठाला मिळते. हाच विश्वास पुढे मोठ्या मुलींच्या उटण्यापर्यंत पोहोचतो. उटण्याने त्वचा उजळल्यासारखी वाटेल, काही लव चोळण्याने तुटेलही. पण राठ केसाचे मूळ त्वचेत काही मिलिमीटर खोल असते आणि हळद-पिठाचा लेप तिथवर जात नाही. उलट हनुवटीवर रोज खसखसून चोळल्याने गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळपटपणा येण्याची शक्यता अधिक.

कारणांचा शोध

हर्सुटिझम असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के जणींमध्ये त्याचे कारण पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांचा असमतोल, हे असते. शिकागोचे डॉक्टर स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ६ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. महाराष्ट्रापुरते पाहायचे, तर मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किशोरवयीन व तरुण मुलींचा अभ्यास केला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के आणि अधिक कठोर निकषांनुसार १०.७ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. निकष बदलला की आकडा निम्म्यावर येतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. ‘दर पाचवी मुलगी पीसीओएसग्रस्त’ अशा मथळ्यांमागे ही खाच असते.

पीसीओएसचे निदान करण्यासाठी तीन बाबी पाहिल्या जातात : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांच्या वाढीची लक्षणे किंवा रक्ततपासणीतील पुरावा, आणि सोनोग्राफीतील बीजांडकोशाचे विशिष्ट स्वरूप. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तिसऱ्या बाबीसाठी प्रौढ स्त्रियांमध्ये एएमएच या रक्ततपासणीचा पर्यायही मान्य केला आहे. तीनपैकी दोन बाबी असल्या, आणि तशीच लक्षणे देणारे इतर विकार नाहीत याची खात्री झाली, की निदान होते. किशोरवयीन मुलींसाठी मात्र सोनोग्राफीवर विसंबू नये, असे हीच तत्त्वे बजावतात, कारण त्या वयात निरोगी बीजांडकोशही तसेच दिसू शकतात. पंधरा वर्षांच्या मुलीच्या सोनोग्राफीच्या अहवालावरून घरात रडारड होते, तेव्हा हा मुद्दा कोणी सांगत नाही.

केस हा या विकाराचा केवळ दिसणारा भाग. इन्सुलिनला शरीराने नीट प्रतिसाद न देणे हे पीसीओएसच्या मुळाशी अनेकदा असते. त्यातून पुढे मधुमेह, गर्भधारणेतील अडचणी, वाढता रक्तदाब अशी साखळी सुरू होऊ शकते. मानेच्या मागे किंवा काखेत येणारा मखमलीसारखा काळपटपणा ही त्याचीच खूण आहे; ‘मान नीट घासत नाहीस का’ असे म्हणून तो मळ समजला जातो. त्यामुळे पीसीओएसचे निदान होताच वजन कितीही असले तरी साखरेची तपासणी करावी, त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन केलेली चाचणी सर्वांत अचूक आहे आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे २०२३ ची तत्त्वे सांगतात. लेझरची बैठक घेऊन गुळगुळीत झालेल्या हनुवटीमुळे ही तपासणी राहून गेली, तर ते रोग रेड्याला आणि औषध पखालीला असेच झाले.

इतर कारणे कमी आढळतात, पण ती वगळून चालत नाही. अधिवृक्क ग्रंथीतील जन्मजात दोषाचा एक सौम्य प्रकार तारुण्यात केवळ केस व मुरमांच्या रूपाने प्रकटतो. त्यासाठी सकाळी केलेली १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी उपयोगी पडते. कुशिंग विकार हे आणखी एक कारण. काही स्त्रियांमध्ये पाळी नियमित आणि संप्रेरकेही योग्य प्रमाणात असूनही केस येतात. तिथे आनुवंशिकता आणि रोमकूपांची संवेदनशीलता हेच उत्तर असते आणि घाबरण्यासारखे काही नसते. पाळी थांबण्याच्या वयात इस्ट्रोजेन घटते व हनुवटीवर चार-दोन राठ केस येतात, हेही स्वाभाविक आहे.

भारतात एका कारणाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो, तो म्हणजे चेहऱ्यावर लावलेली स्टेरॉइडयुक्त मलमे. गोरेपणासाठी, डागांसाठी किंवा मुरमांसाठी मैत्रिणीने अथवा औषधविक्रेत्याने सुचवलेल्या नळीत अनेकदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी तीव्र द्रव्ये असतात. महिनोन्महिने वापरल्यावर त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे उठतात आणि चेहऱ्यावर केसांची वाढ होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा ‘शेड्यूल एच’ यादीत आणली. तरीही दुकानात चिठ्ठी मागितली जातेच असे नाही. अलीकडे डोक्यावरचे केस गळतात म्हणून मिनॉक्सिडिल घेणाऱ्या तरुणींच्या कपाळावर, गालांवर लव वाढते, तीही याच प्रकारात मोडते. अशा वेळी लेझरआधी मलम किंवा गोळीच थांबवण्याचा विचार करायचा असतो, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. कारण स्टेरॉइड एकदम बंद केल्यास चेहरा भडकतो.

काही लक्षणे मात्र एक आठवडाही दुर्लक्षू नयेत. काही महिन्यांतच झपाट्याने वाढलेले केस, घोगरा होत जाणारा आवाज, पुरुषांसारखे टक्कल, अचानक थांबलेली पाळी किंवा स्नायूंची वाढ ही बीजांडकोश वा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीची चिन्हे असू शकतात. अशा गाठी क्वचितच आढळतात. पण तिथे पहिला पत्ता पार्लरचा नसून अंतःस्रावतज्ज्ञाचा असला पाहिजे.

मोजपट्टी आणि तिची मर्यादा

केस किती म्हणजे जास्त, हे ठरवण्यासाठी डॉक्टर फेरिमन-गॅलवे मोजपट्टी वापरतात. इंग्लंडमध्ये १९६१ मध्ये ती मांडली गेली. १९८१ मध्ये सुधारून शरीराचे नऊ भाग निश्चित करण्यात आले. प्रत्येक भागाला शून्य ते चार गुण, एकूण ३६. पूर्वी आठ किंवा अधिक गुण म्हणजे हर्सुटिझम असा सरसकट नियम होता. आता स्त्रीच्या वांशिक पार्श्वभूमीनुसार चार ते सहा गुणही पुरेसे मानले जातात. गंमत अशी, की या मोजपट्टीचा उपयोग होण्यासाठी केस दिसले पाहिजेत आणि डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी चेहरा साफ करून जाण्याची आपली रीत आहे. तपासणीला जाण्याआधी काही दिवस केस काढू नयेत. ते शक्य नसेल तर मोबाइलमध्ये छायाचित्र तरी असावे, आणि ‘आठवड्यातून किती वेळा काढावे लागतात’ हे न लाजता सांगावे.

तात्पुरते उपाय

बहुसंख्य स्त्रियांचा पहिला उपाय थ्रेडिंग. स्वस्त, झटपट, गल्लोगल्ली उपलब्ध. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून व पार्लरच्या सेवांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आल्याने त्याचा खर्च आणखी कमी होणे अपेक्षित होते. ओठावरच्या मोजक्या केसांसाठी तो पुरेसा आहे. पण हनुवटीवरचे राठ केस वारंवार दोऱ्याने उपटले की रोमकूपांना सूज येते, केस त्वचेखालीच वळतो, फोड येतो व काळा डाग राहतो. दोऱ्याचे एक टोक दातांत धरण्याची पद्धत आणि अस्वच्छ हात यांमुळे चामखिळीसारखा संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वॅक्सिंगमध्ये केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही सोलवटू शकतो. मुरमांसाठी रेटिनॉइड वापरणाऱ्यांनी चेहऱ्यावर ते टाळणेच योग्य. केस विरघळवणाऱ्या मलमांतील थायोग्लायकोलेट केराटिनचे बंध तोडते, पण त्वचाही केराटिनचीच असते. म्हणून चेहऱ्यासाठीचेच मलम, आधी कानामागे तपासून आणि घड्याळ लावून वापरावे.

राहिला वस्तरा. ‘एकदा फिरवला की दाढी येईल’ ही भीती घराघरांत आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवले, की दाढी केल्याने केसांची जाडी, रंग वा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून स्पर्शाला ते खरखरीत लागते, एवढेच. शंभर वर्षे होत आली तरी गैरसमज जिवंत आहे आणि त्यामुळे सर्वांत स्वस्त, वेदनारहित व त्वचेला तुलनेने सौम्य असलेला उपाय स्त्रिया नाकारतात किंवा अपराध्यासारखा लपवून करतात. ज्यांना दररोज दोन मिनिटे देणे चालते, त्यांना स्वच्छ, नवे पाते पुरेसे आहे.

लेझर : काय करते, काय करत नाही

लेझरमागचे तत्त्व रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडले. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ठरावीक काळासाठी टाकला, तर केसातील काळे मेलॅनिन तो शोषते, उष्णता रोमकूपाच्या मुळापर्यंत पसरते आणि आसपासची त्वचा वाचते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केस काढण्याच्या पहिल्या लेझर यंत्राला १९९५ मध्ये परवानगी दिली. मात्र लेझरच्या दाव्यांसाठी त्या संस्थेने जो शब्दप्रयोग स्वीकारला आहे, तो ‘केसांत कायमस्वरूपी घट’ असा आहे. ‘कायमचे केस जाणे’ आणि ‘केसांत टिकणारी घट’ यांतील अंतरावर जाहिरातींचा सारा व्यवसाय उभा आहे.

अडचण अशी, की मेलॅनिन फक्त केसात नसते. ते त्वचेतही असते. गोऱ्या त्वचेवरील काळा केस हे लेझरचे आदर्श लक्ष्य. फिट्झपॅट्रिक वर्गीकरणातील चौथ्या-पाचव्या प्रकारच्या, म्हणजे बहुसंख्य भारतीयांच्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेत प्रकाशाचा काही भाग त्वचाच शोषते. परिणामी भाजणे, काळे किंवा पांढरे डाग हा धोका वाढतो. ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेला सोयीचे. ८०० ते ८१० नॅनोमीटरचे डायोड मधले. १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग त्वचेतील मेलॅनिनला कमी लागते, म्हणून सावळ्या त्वचेसाठी अधिक सुरक्षित. यंत्र कोणते, त्याची तरंगलांबी किती आणि ऊर्जा कोणत्या आधारावर ठरवली, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. उत्तराऐवजी ‘मॅडम, लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे’ एवढेच मिळाले, तर पुढे न गेलेलेच बरे. आयपीएल हे तर लेझरही नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश असतो. घरी वापरायची बहुतेक यंत्रे याच प्रकारची असतात आणि खूप सावळ्या त्वचेवर ती वापरू नयेत, असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते.

लेझरचा परिणाम वाढीच्या अवस्थेतील केसावरच होतो. सर्व केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात आणि पीसीओएस असल्यास पुढेही अधूनमधून. संप्रेरके तशीच राहिली तर आजवर लव असलेले रोमकूप उद्या राठ केस देऊ लागतात. तो लेझरचा दोष नव्हे, पण विकताना तो सांगितला जात नाही हा दोष नक्कीच आहे. बैठकांच्या आधी काही आठवडे केस उपटू नयेत, कारण लक्ष्यच मुळापासून गेले तर प्रकाश शोषणार कोण? वस्तरा चालतो. उन्हापासून जपणे आवश्यक. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूची थंड हवा फसवी आहे. होसूर रस्त्यावर दुचाकीवरून जाताना ऊन टोचत नाही, तरी अतिनील किरणे आपले काम करतच असतात.

एक दुष्परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा. काही स्त्रियांमध्ये लेझरनंतर उपचार केलेल्या जागी किंवा तिच्या कडेने केस कमी होण्याऐवजी वाढतात. चेहरा व मान, सावळी त्वचा आणि संप्रेरकांचा असमतोल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हा धोका अधिक, असे दिसून आले आहे. बारीक लवेवर, विशेषतः गालांवर, केवळ ‘पूर्ण चेहऱ्याचे पॅकेज’ आहे म्हणून लेझर मारणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. भुवयांच्या खाली, डोळ्यांच्या खोबणीच्या आत तर ते मारूच नये.

विजेच्या सुईचा मार्ग

केस पांढरे असतील तर लेझर निरुपयोगी, कारण शोषून घ्यायला रंगद्रव्यच नसते. अशा वेळी इलेक्ट्रोलिसिस उपयोगी पडते. १८७५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ही पद्धत वापरली. प्रत्येक रोमकूपात बारीक सुई घालून विद्युतप्रवाहाने मूळ नष्ट करतात. ती वेळखाऊ आहे, वेदनादायी आहे, करणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. पण प्रत्येक केस खरोखर कायमचा घालवणारी हीच पद्धत आहे. हनुवटीवरचे आठ-दहा पांढरे-काळे केस एवढीच तक्रार असलेल्या प्रौढ स्त्रीला, समजा नातवंडे सांभाळायला लेकीकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत आलेल्या आजीला, लेझरचे पॅकेज विकण्यात काही अर्थ नाही.

नव्या तंत्राच्या मोहाचा इतिहास सुखद नाही. क्ष-किरणांनी केस गळतात हे लक्षात येताच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सौंदर्यगृहांतून क्ष-किरणांनी चेहऱ्याचे केस काढले जात. ‘ट्रायको’ नावाची पद्धत १९२० च्या दशकात तिथे लोकप्रिय होती. पुढे त्या स्त्रियांच्या त्वचेवर व्रण पडले, कर्करोग झाले. १९३० च्या सुमारास ‘कोरेमलू’ नावाच्या मलमात थॅलियम हे विष निघाले. वापरणाऱ्यांना मज्जातंतूंचे विकार जडले. दोन्ही उत्पादने निर्धोक म्हणूनच विकली गेली होती.

गोळ्या व मलमे

औषधे केस काढत नाहीत, नव्यांची वाढ मंदावतात. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, गर्भधारणेची इच्छा नसलेल्या स्त्रियांसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळी हा पहिला पर्याय आहे. सहा महिन्यांत पुरेसा फरक न पडल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे पुरुषी संप्रेरकांना अडवणारे औषध जोडले जाते. सहा महिने का, तर केसाचे चक्रच तेवढे मोठे असते. दोन महिन्यांत ‘गुण नाही’ म्हणून सोडणाऱ्यांचे पैसे आणि धीर दोन्ही वाया जातात. स्पायरोनोलॅक्टोन घेताना गर्भ राहिल्यास मुलगा असलेल्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून खात्रीचे गर्भनिरोधन अनिवार्य. गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका किंचित वाढतो. धूम्रपान, अर्धशिशीचे काही प्रकार, उच्च रक्तदाब असल्यास निवड बदलते. मैत्रिणीची गोळी आपल्याला चालेल, असे म्हणून चालत नाही.

अविवाहित मुलीने गर्भनिरोधक गोळी घ्यायची म्हटले की मराठी घरांत भुवया उंचावतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी अनेकदा त्या कारणानेच बंद होते. ती इथे संप्रेरकांचे संतुलन साधण्यासाठी आहे, हे डॉक्टरांनी आईसमोर दोन वाक्यांत सांगितले तर बराच त्रास वाचेल. एफ्लॉर्निथिन हे मलम, ज्याला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली, केसाच्या वाढीतील एका विकराला अडवते. लावत आहोत तोवर परिणाम, थांबवले की दोन महिन्यांत पूर्वस्थिती. लेझरच्या जोडीला ते उपयोगी ठरते.

आरशापुढचा वेळ

चेहऱ्यावरचे केस हा ‘केवळ सौंदर्याचा’ प्रश्न मानून आरोग्य विमा त्याकडे सहसा पाठ फिरवतो. ब्रिटनमध्ये चेहऱ्यावर केस असलेल्या ८८ स्त्रियांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे चित्र दाखवतो. या स्त्रिया केस हाताळण्यात आठवड्याला सरासरी १०४ मिनिटे घालवत होत्या. दोनतृतीयांश जणी सतत आरशात तपासत. ७५ टक्के जणींमध्ये चिंतेची पातळी उपचार लागावेत इतकी होती. पीसीओएस असलेल्या स्त्रियांवरील लेझरच्या २००५ च्या चाचणीत पूर्ण क्षमतेच्या पाच बैठकांनंतर हा वेळ आठवड्याला ११२ मिनिटांवरून २१ मिनिटांवर आला आणि नैराश्याचे गुणांकनही घटले. योग्य व्यक्तीला योग्य उपचार मिळाला, तर लेझरचे मोल खरे आहे, याची ही नोंद.

पण केस काढलेच पाहिजेत, हा नियम कोणी केला? २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत ९८.५ टक्के गुण मिळवून राज्यात पहिल्या आलेल्या सीतापूरच्या विद्यार्थिनीच्या छायाचित्रावर समाजमाध्यमांतून ओठावरच्या केसांवरून शेरेबाजी झाली. तिच्या गुणांपेक्षा तिच्या मिशीची चर्चा अधिक झाली. त्यापाठोपाठ दाढीसाहित्य विकणाऱ्या एका कंपनीने तिला ‘धीर’ देणारी जाहिरात केली आणि त्या जाहिरातीवरही टीकेची झोड उठली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी ‘पार्लरला जाऊन ये’ असे सांगणारी मावशी आणि हे टीकाकार यांच्यात अंतर फार नाही. संप्रेरके तपासून झाली, साखर योग्य निघाली आणि केस आहेत तसे ठेवायचे असे एखादीने ठरवले, तर वैद्यकशास्त्राला त्यावर आक्षेप असण्याचे कारण नाही.

दवाखाना निवडताना

इलेक्ट्रॉनिक सिटीतून सरकारी रुग्णालय गाठणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. नम्म मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. आर. व्ही. रोड स्थानकावर हिरवी मार्गिका धरली, की के. आर. मार्केटजवळच्या व्हिक्टोरिया रुग्णालयापर्यंत पोहोचता येते. बेंगळुरू वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या या रुग्णालयात तज्ज्ञांचे मत अल्प खर्चात मिळू शकते. खासगी दवाखान्यात जायचे असल्यास, कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांची नोंदणी २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारावा. तपासणारी व्यक्ती त्वचारोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधारक आहे की ‘कॉस्मेटॉलॉजी’चे अल्पकालीन प्रमाणपत्र घेतलेली, हे पाहावे. पाळी, औषधे, मलमे यांविषयी एकही प्रश्न न विचारता थेट दरपत्रक पुढे येत असेल, तर तो दवाखाना टाळावा. कानाजवळच्या छोट्या जागी आधी चाचणी करून घ्यावी आणि निदान दोन दिवस वाट पाहावी. दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मे असलेच पाहिजेत.

सर्व बैठकांचे पैसे आधी भरून घेण्याची, त्यासाठी हप्त्यांवर कर्ज जोडून देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. दवाखाना बंद पडला किंवा दुसऱ्याच बैठकीत चेहरा भाजला, तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात. बैठकीगणिक पैसे देणे महाग वाटले तरी सुरक्षित असते. पावती, संमतिपत्राची प्रत, प्रत्येक बैठकीतील यंत्राचे नाव व ऊर्जेची नोंद आणि आधी-नंतरची छायाचित्रे स्वतःपाशी ठेवावीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार करणारी व्यक्ती जिथे राहते किंवा नोकरी करते, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकते. म्हणजे पुण्यात उपचार घेतलेल्या तरुणीला बेंगळुरूतून आणि बेंगळुरूत घेतलेल्या तरुणीला नोकरी सोडून सांगलीला परतल्यावरही तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.